दुसऱ्या लिपीतली माणसं

बुद्धभूषण मिसाळ नेमकं काय काम करतो, हे त्याच्या गावात, इंदापूर तालुक्यातल्या कळंबमध्ये, कुणालाच सांगता येत नाही. त्याच्या वडिलांनाही सांगता यायचं नाही. "बारामतीला एमआयडीसीत असतोय, कॉम्प्युटरवर," असं ते म्हणायचे. समोरचा विचारायचा, "म्हंजी टायपिंग?" आणि वडील मान डोलवून विषय बदलायचे.

पशुखाद्य बनवणाऱ्या एका कंपनीत तो डेटाबेस सांभाळतो. कुठल्या गावाला किती पोती गेली, कुठला ट्रक कधी निघाला, ही माहिती जिथं साठते ती जागा धडधाकट ठेवायची. काम नीट चाललं की त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. बंद पडलं की सगळे त्याच्या टेबलाभोवती उभे. त्यामुळं आठवडेच्या आठवडे त्याच्याशी कुणी बोललं नाही, तर सगळं सुरळीत आहे असं समजायचं.

वय सदतीस, लग्न झालेलं नाही. आई तो शाळेत असताना गेली, वडील तीन-चार वर्षांपूर्वी. कळंबच्या घराला कुलूप. बारामतीत भिगवण रस्त्याला एक खोली आहे, तिथं डबा येतो. डबा देणाऱ्या बाई भरलेला डबा दाराशी ठेवून रिकामा उचलून नेतात. त्यांची भाजी त्याला ओळखू येते, चेहरा रस्त्यात दिसला तर ओळखू येईल की नाही याची खात्री नाही.

रविवारी मात्र तो विहारामागच्या खोलीत जातो. तिथं सहजीवन बौद्ध वधू-वर सूचक मंडळ चालतं. लोंढे गुरुजींनी ते सुरू केलं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुना कॉम्प्युटर घेतला, बोटं शोधत शोधत टायपिंग शिकले आणि बारामती-इंदापूर तालुक्यातली स्थळं त्यात भरली. त्यांचा एक नियम होता. दोन्ही बाजूंची तयारी असल्याशिवाय नाव आणि फोटो उघडायचा नाही. तोवर माणसाला एक क्रमांक. बारामतीचा असला तर इंग्रजी बी, इंदापूरचा असला तर आय, आणि पुढं आकडा. मुलींची यादी वेगळी, मुलांची वेगळी.

गुरुजी एका सकाळी अचानक गेले. कॉम्प्युटरही त्याच वर्षी आचके द्यायला लागला. मंडळाच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी बुद्धभूषणकडं पाहिलं, कारण खोलीत कॉम्प्युटरचं शिक्षण झालेला तो एकटाच होता आणि रविवारी त्याला दुसरं काही काम नसतं हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच्याबरोबर सिंधुबाई बसतात. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, आवाज अजून पन्नास पोरांना पुरेल एवढा. फोन त्या घेतात.

"मुलगा परमनंट आहे का, हे मला नका विचारू. मी काय त्याची साहेब आहे? ... पुण्यात फ्लॅट? अहो, तुमच्या मुलीला नवरा पाहिजे का वॉचमनची नोकरी?"

फोन ठेवून त्या बुद्धभूषणकडं बघतात. "आणि तू. जगाची लावतोस. तुझं कधी?"

"माझी नोंद आहे की बाई. आय-चौदा."

"ती मला माहीत आहे. मीच केली."

---

डेटाबेस सर्व्हर बसवताना मशीन सुरुवातीलाच काही प्रश्न विचारतं. त्यातला एक बाजूच्या पानावर असतो, मुद्दाम उघडला तरच दिसणारा. त्याला कोलेशन म्हणतात. अक्षरांची तुलना कशी करायची, याचा तो नियम. कुठलं अक्षर आधी लावायचं, कुठलं नंतर, आणि कुठली दोन अक्षरं एकच धरायची. उत्तर आधीच भरलेलं असतं. इंग्रजी कॅपिटल आणि स्मॉल यांत फरक करायचा नाही, दोन्ही एकच. बहुतेक ठिकाणी ते सोयीचं पडतं. पण हा नियम सर्व्हरच्या पायात जातो. वर माहितीचे मजले चढल्यावर तो बदलायचा म्हणजे पुन्हा पायापासून सुरुवात.

बुद्धभूषणला हे पाठ होतं. कंपनीत सर्व्हर बसवला तेव्हा त्यानं त्या एका पानासाठी साहेबांना थांबवून ठेवलं होतं. मंडळासाठी कंपनीतलंच टाकून दिलेलं मशीन मागून आणलं, रविवारी खोलीत बसवलं, आणि प्रत्येक पानावर 'पुढे'चं बटण दाबत गेला. छोटीशी माहिती, घरचं काम. बाजूचं पान त्यानं उघडलं नाही.

मग गुरुजींच्या जुन्या कॉम्प्युटरमधली माहिती नव्यात ओतली. एका यादीत एका क्रमांकाचं एकच माणूस, असा नियम घातला, दुबार नोंदी वगळायला सांगितल्या. शेवटी मशीननं सांगितलं, काही नोंदी दुबार होत्या, वगळल्या. त्याला आनंदच झाला. आईबाप दोनदा नाव नोंदवतात, हे त्याला माहीत होतं. एकदा वडील येतात, मग मामा येतो. शिवाय जुन्या माहितीत क्रमांक कुठं कॅपिटल अक्षरात, कुठं स्मॉल, असे विस्कटलेले दिसायचे. गुरुजींची बोटं म्हातारी, शिफ्टचं बटण राहत असेल, असं त्यानं धरलं.

"बाई, सफाई झाली," तो म्हणाला होता. सिंधुबाईंनी पर्समधून चिक्की काढून दिली होती.

याला दोन वर्षं झाली.

---

त्या दोन वर्षांत जवळपास प्रत्येक रविवारी सुप्याहून गंगाराम ओव्हाळ यायचे. बांधकाम खात्यात रस्त्यावर मैलकामगार म्हणून आयुष्य काढलेला माणूस. एसटीनं यायचे, चप्पल दाराबाहेर काढायचे, कितीही सांगितलं तरी.

"जय भीम, भूषणराव. आलं का काय?"

"जय भीम आबा. अजून नाही."

"बी-सत्तावीस बघा की एकदा."

तो बघायचा. पडद्यावर यायचं, बी-सत्तावीस, नोंद चालू. "आहे आबा. जागेवर आहे."

"हाय न्हवं? मग झालं," असं म्हणून ते बसायचे. मुलगी मेघना सुप्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स. पहिलं लग्न मोडून माहेरी आलेली. तिच्याबद्दल ते एवढंच बोलायचे. बाकी सगळं दुसरं. सुप्याच्या अभयारण्यातली हरणं रात्रीत हरभरा कसा साफ करतात. डांबर कुठल्या उन्हात टाकलं तर टिकतं. आताचे ठेकेदार कसं टाकतात. "आमच्या रस्त्याला पाणी बाजूला जायाचं. आता रस्ताच वढा झालाय."

बुद्धभूषण चहा सांगायचा. म्हातारा बशीतून प्यायचा आणि विचारायचा, "डबा बरा असतोय का? कोण करतं? कुठली हाय बाई?" त्याला उत्तर देता यायचं नाही. पण आठवडाभरात असं काही विचारणारा तो एकच माणूस होता, आणि शनिवारी संध्याकाळी बुद्धभूषणला मनाशी काहीतरी सांगायचं जमवून ठेवायची सवय लागली होती. आज कंपनीत साप निघाला. आज सर्व्हरचा पंखा बदलला.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी गंगाराम पेढ्यांचा पुडा घेऊन आले. चप्पल काढायचीही विसरले.

"जमलं, भूषणराव! पोरीचं जमलं!"

सिंधुबाईंनी फोन कानापासून लांब धरला. "कुठलं स्थळ? आपल्याकडनं तर गेलं नाही."

"न्हाय, सोयऱ्यांनी आणलं. इंदापूरचं. पंचायत समितीत नोकरी हाय. बायको वारली, दोन पोरं हायती. आई अंथरुणावर. पाव्हणा सरळ म्हणला, आईचं करायला नर्सच पायजे होती, लई बरं झालं."

सिंधुबाईंनी हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मेघना काय म्हणते?"

"काय म्हणायचं? दोन वर्षांत एक फोन आला न्हाय, बाई. एक बी न्हाय. म्हणली, आबा, ज्याला मी चालती त्याला मी हो म्हणती." पेढा पुढं करून म्हातारा हसला, पण हसू नीट बसलं नाही. "चौतिसावं लागलंय. आपुन तरी काय धरून बसायचं? पुढच्या रविवारी साखरपुडा, इंदापुरात. दोघांनी यायचं. आन तेवढं नाव काढून टाका आता. उगं कुणाचा फोन आला तर पाव्हण्याला वाईट वाटायचं."

नाव काढायचं म्हणजे पूर्ण नोंद उघडावी लागते. दोन वर्षांत ती उघडायची वेळच आली नव्हती. बुद्धभूषणनं बी-सत्तावीस उघडली.

स्वरूपा. माळेगाव. बी. कॉम. वय पंचवीस. अविवाहित.

त्यानं क्रमांक पुन्हा टाकला. तीच. मेघना या नावानं शोधलं. काहीच नाही. ओव्हाळ आडनावानं शोधलं, सुपे गावानं शोधलं. मेघना गंगाराम ओव्हाळ नावाची कुणी बाई त्या मशीनमध्ये नव्हती.

"झालं का?" गंगाराम म्हणाले.

"काढतो आबा. जरा वेळ लागेल."

"सावकाश काढा. पेढा खावा आधी."

त्यानं पेढा तोंडात टाकला. म्हातारा जाईपर्यंत तो तसाच होता, चावलेलाही नाही.

---

गुरुजींच्या कॉम्प्युटरची एक प्रत त्यानं जपून ठेवली होती. दुपारी ती उघडली. तिथं दोन बी-सत्तावीस होत्या. एक कॅपिटल बी, माळेगावची स्वरूपा. एक स्मॉल बी, सुप्याची मेघना.

तो स्मॉल अक्षराच्या नोंदी एकेक उघडत गेला. इंदापूर, घटस्फोट. बारामती, पती निधन. बावडा, पत्नी निधन, एक मुलगी. लासुर्णे, घटस्फोट. एकही नोंद वेगळी निघाली नाही. शिफ्टचं बटण कुठंच राहिलं नव्हतं.

"बाई, गुरुजी स्मॉल अक्षर कधी वापरायचे?"

सिंधुबाई चष्मा पुसत होत्या. "पुनर्विवाहाला. पहिलं लग्न असलं तर पहिली लिपी, दुसरं असलं तर दुसरी लिपी, म्हणजे स्मॉल. म्हणायचे, कागद गावोगाव फिरतो, त्याच्यावर घटस्फोटित म्हणून शिक्का कशाला मारायचा? विचारायला येईल त्याला मी सांगीन. तुला बोलले नव्हते?"

"नाही."

"मला वाटलं बोलले असतील. का रे?"

त्यानं सांगितलं. नव्या सर्व्हरला पहिली लिपी आणि दुसरी लिपी एकच वाटली. प्रत्येक स्मॉल क्रमांकाचा कॅपिटल जोडीदार आधीच आत होता. म्हणून सगळे स्मॉल दुबार ठरले. त्यानं ते वगळायला सांगितलं होतं, आणि सर्व्हरनं सांगितलेलं केलं.

"किती माणसं?"

"सगळी. गुरुजींनी नोंदवलेली पुनर्विवाहाची सगळी."

सिंधुबाईंनी खुर्ची ओढली. पडद्याकडं बघत म्हणाल्या, "दोन वर्षं मी लोकांना सांगतेय, पुनर्विवाहाची स्थळं आपल्याकडं कमीच असतात म्हणून."

"कुणी तक्रार कशी केली नाही?"

"कशाची करतील? फोन आला नाही याची?" त्या म्हणाल्या. "नवरा गेलेली बाई. तिला फोन नाही आला, तर तिला वाटेल आपल्याला कोण विचारणार. ती काय मंडळात भांडायला येणार आहे?"

बाहेर विहाराच्या अंगणात लहान मुलं धम्मवंदना म्हणत होती, एकाचा सूर सतत पुढं पळत होता. बुद्धभूषणनं काही न ठरवता नव्या मशीनवर स्वतःचा क्रमांक टाकला. कॅपिटल आय-चौदा. नोंद लगेच आली. नोंद चालू. ती पहिल्या दिवसापासून तिथं होती. जो शोधेल त्याला दिसत होती, सगळे रकाने भरलेले, फोटो जोडलेला. क्षणभर त्याला वाटून गेलं, आपणही त्या वगळलेल्यांत निघायला हवं होतं. मग त्यानं ती खिडकी बंद केली.

"आता काय करणार तू?" सिंधुबाईंनी विचारलं.

"मेघनाला सांगायला पाहिजे."

"वेडा आहेस का? पुढच्या रविवारी साखरपुडा आहे."

"म्हणूनच."

"अरे, घर बसतंय तिचं. म्हातारा कधी नव्हे ते पेढे घेऊन आला. आणि तू जाऊन सांगणार, मशीनची चूक झाली, थांबा? आणि नंतर नाही आलं एकही स्थळ, मग? तू करणार आहेस का लग्न तिच्याशी?"

"तसं नाही बाई. तिला वाटतंय सगळ्यांनी नाकारलं. म्हणून ती हो म्हणतेय. तिला कुणी बघितलेलंच नाही."

"आणि तो इंदापूरवाला? त्याचं काय चुकलं?"

सिंधुबाईंनी पर्स उचलली. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "जाणार असलास तर तिलाच सांग. बापाला आधी नको. ते हो म्हणून टाकतील तिच्या वतीनं, नाहीतर नाही म्हणून."

त्या संध्याकाळी त्यानं सर्व्हर पुसला. एवढ्या एका रकान्यापुरता नियम बदलता आला असता, पण पाया एक आणि वरचा मजला दुसरा, अशी गाठ पुढं कधीतरी पुन्हा बसली असती. सगळी माहिती बाहेर काढली, मशीन कोरं केलं, पुन्हा पहिल्यापासून बसवायला घेतलं. या वेळी बाजूचं पान उघडलं. मराठी नावं मराठी वर्णमालेनं लागतील आणि इंग्रजीतलं लहान-मोठं अक्षर वेगळं धरलं जाईल, असा नियम निवडला. तीनदा वाचला. मग गुरुजींची माहिती आत सोडली. वगळलेल्या नोंदी, शून्य.

नोकरी करणारी मुलगी, पुनर्विवाह चालेल, अशी अट लिहिलेली मुलं त्यानं शोधली. पाच-सहा निघाली. त्यांना आतापर्यंत नाही-नाही सांगितलं गेलं होतं. आता प्रत्येकापुढं एक क्रमांक येत होता, स्मॉल बी-सत्तावीस.

---

मंगळवारी रजा टाकून तो सुप्याला गेला. दवाखान्यात लसीकरणाचा दिवस होता. पोरं रडत होती, आया त्यांच्यापेक्षा घाबरलेल्या. मेघना ओव्हाळ त्या गोंधळात न थांबता काम करत होती. एका आजीला म्हणत होती, "आजी, सुई नातवाला टोचली, तुम्ही का वरडताय?"

तो मंडळातून आलाय म्हटल्यावर तिनं त्याला दवाखान्यामागच्या पायरीवर नेलं. "मिसाळ सर ना? आबा सारखं नाव घेतात तुमचं. नाव काढलं का माझं?"

"नाव नव्हतंच," तो म्हणाला.

त्यानं वाटेत वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरली. मग जसं घडलं तसं सांगितलं. ती हातातला कापूस पिळत राहिली.

"म्हणजे कुणी नको म्हणालं नव्हतं?"

"तुमची नोंद कुणाला दिसलीच नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच."

ती हसली, ते ऐकायला बरं वाटणारं नव्हतं. "पहिलं लग्न का मोडलं, त्याचं कारण मी तीनदा बदलून पाठवलं, माहीत आहे तुम्हाला? आधी खरं लिहिलं होतं. मग वाटलं, एवढं खरं कुणाला सोसत नसेल. सौम्य केलं. मग आणखी सौम्य. शेवटी तर असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटावं चूक माझीच." तिनं कापूस फेकला. "आणि वाचत कुणीच नव्हतं."

ते कागद त्याला आठवले. आबांनी आणून दिलेले. नोंदीला जोडायला म्हणून त्यानं बी-सत्तावीसच्या पाकिटात न उघडता ठेवलेले. बंद पाकीट उघडायचं नाही, हा गुरुजींचाच नियम.

"साखरपुडा झाल्यावर कळलं असतं तुम्हाला, तर?" तिनं विचारलं.

"तरी आलो असतो बहुतेक."

"का? तुम्हाला हलकं वाटावं म्हणून?"

"असेल," तो म्हणाला. "पण तुम्ही ज्या गोष्टीवरून ठरवलं, ती खरी नव्हती. तेवढं तुम्हाला माहीत पाहिजे. पुढं काय करायचं ते मी सांगत नाही. तो माणूस चांगलाही असेल."

"चांगलाच आहे. माझ्याशी तो आईच्या जखमांबद्दल बोलला. कुठलं मलम लावू म्हणाला. अर्धा तास." ती उठली. "दुसरं काही विचारलंच नाही. आणि मला वाटलं, एवढं तरी विचारतोय कुणीतरी."

आतून कुणीतरी हाक मारली, "ओ सिस्टर, पोरगं निळं पडलंय बघा रडून!" ती आत गेली. बुद्धभूषण थोडा वेळ पायरीवर बसला. मग सुप्याच्या बाजारात जाऊन त्यानं एक चहा घेतला आणि बारामतीची एसटी धरली.

---

गुरुवारी कंपनीत असताना गंगाराम यांचा फोन आला. जय भीम नाही, काही नाही.

"काय सांगितलंत माझ्या पोरीला?"

"आबा, जे झालं ते..."

"तिनं इंदापूरला सोता फोन लावला. म्हणली, तुमाला नर्स पायजे असल तर पगारी ठेवा, बायको पायजे असल तर मला दुसरं बी काय काय विचारा. पाव्हणा म्हणला, मग राहू द्या. मोडलं! लोकांना काय सांगू मी? कॉम्प्युटरनं मोडलं म्हणून सांगू?"

"चूक माझी होती आबा. मी येतो, सगळ्यांसमोर सांगतो."

"तुमी येऊ नका. लई आलात." म्हातारा श्वास घ्यायला थांबला. "दर रविवारी मी इचारायचो. दर रविवारी तुमी म्हणायचा, हाय जागेवर. तुमच्या तोंडावर इस्वास ठिवून मी घरी जाऊन पोरीला सांगायचो, नाव हाय, फकस्त तुझं नशीब न्हाय. मी सांगायचो तिला हे. बापानं."

फोन बंद झाला.

त्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. चहावाला सवयीनं तीन कप घेऊन यायचा, सिंधुबाई एक परत पाठवायच्या, मग तो दोनच आणायला लागला.

बुद्धभूषण वगळलेल्या माणसांना एकेक करून फोन लावू लागला. सिंधुबाई म्हणाल्या, मी लावते, माझा आवाज बाईचा आहे, लोक नीट बोलतील. त्यानं ऐकलं नाही. काहींची लग्नं झाली होती, ते हसून विसरले. एक नंबर कायमचा बंद होता. लासुर्ण्याची एक बाई म्हणाली, "बरं झालं न्हाय आलं ते. मी आता शिवणाचा क्लास काढलाय, येळच न्हाय." बावड्याच्या एका माणसानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आता दिसतोय ना मी?"

"दिसताय."

"मग राहू द्या नाव," तो म्हणाला. बराच वेळ फोन न ठेवता तो नुसता तिकडं होता, आणि बुद्धभूषणही इकडं होता.

मे महिन्यात मेघनाचा फोन आला. सिंधुबाईंनी घेतला आणि त्याच्याकडं दिला.

"मिसाळ सर, मंडळाच्या नियमाप्रमाणं कळवायचं असतं ना, म्हणून. तीन स्थळं आली. दोघांना मी नाही म्हटलं."

"आणि तिसरं?"

"त्यांनी मला नाही म्हटलं. चहापोहे झाले, चांगलं तासभर बोललो, आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला, जमणार नाही." तिचा आवाज मोकळा होता. "तुम्हाला सांगू का? त्या दिवशी मी ड्युटीवर गाणं म्हणत होते. आबांना वाटलं डोक्यावर परिणाम झाला."

"नोंद चालू ठेवायची?"

"ठेवा की."

"आबा कसे आहेत?"

"बरे आहेत. फोन वाजला की माझ्या आधी तेच उचलतात. सगळ्यांना हरणांचं सांगत बसतात."

"त्यांना म्हणावं, रविवारी..."

"म्हटलं होतं मी," ती म्हणाली. "नाही येणार ते. निदान इतक्यात तरी नाही. रागापेक्षा त्यांना लाज जास्त वाटतेय. मला काय काय म्हणून गेले दोन वर्षांत, त्याची." मग मागून घंटीचा आवाज आला. "ठेवते हं सर, दुसरा फोन येतोय."

बुद्धभूषणनं फोन सिंधुबाईंच्या टेबलावर ठेवला. तो पुन्हा मशीनपुढं बसला. दारात एक जोडपं मुलाचा बायोडाटा घेऊन उभं होतं, चप्पल काढावी की नको याचा विचार करत.

"या," तो म्हणाला. "राहू द्या पायात. बसा."